खोलीच्या मध्यावरचा डोळा

अजून पायाही न खणलेल्या घराच्या दिवाणखान्यात उभे राहावे, मान वर करून छताचा पंखा पाहावा, मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकावी, ही गोष्ट आज कुणालाही साधते. अंतर्गत सजावटीचे एखादे सॉफ्टवेअर घ्यावे, भिंतींचा आराखडा आखावा, दारे-खिडक्या बसवाव्यात, फर्निचर मांडावे, आणि शेवटी कॅमेऱ्याचे भिंग 'गोलाकार' निवडून चित्र काढण्याची आज्ञा द्यावी. काही मिनिटांनी, संगणक जुना असल्यास काही तासांनी, उंचीच्या दुप्पट रुंदीचे एक चमत्कारिक चित्र हाती येते. त्यात छताच्या कडा धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात आणि पायाखालची एकच फरशी चित्राच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली असते. हेच चित्र डोळ्यांवर बसवायच्या चष्म्यात घातले की वाकलेले सारे सरळ होते आणि पाहणारा खोलीच्या आत असतो.

या चित्राकडे तंत्रज्ञानाची ताजी करामत म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्याचे कूळ बरेच जुने आहे, आणि त्या कुळाचा इतिहास चाळू लागले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पाहणाऱ्याला चहूकडे पाहू देणाऱ्या बहुतेक प्रत्येक युक्तीने त्याला एका जागी उभे केले आहे. मानेला स्वातंत्र्य मिळाले ते पावलांच्या मोबदल्यात. ती जागा कोणती असावी, हे मात्र पाहणाऱ्याने कधी ठरवलेले नाही. आज याच चित्रांवर विसंबून लोक आयुष्यभराची पुंजी घरात घालतात, म्हणून या जागेचा इतिहास तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

चारी भिंतींवर सलग एकच दृश्य रंगवण्याचे सर्वांत प्रसिद्ध प्राचीन उदाहरण रोमजवळच्या प्रिमा पोर्ता येथील लिव्हियाच्या वाड्यात सापडले. लिव्हिया ही सम्राट ऑगस्टसची पत्नी. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात रंगवलेली ही खोली १८६३ मध्ये उजेडात आली आणि आज तिची चित्रे रोमच्या पालाझो मास्सिमो या संग्रहालयात आहेत. अर्धवट जमिनीखाली असलेल्या, खिडक्या नसलेल्या त्या खोलीच्या चारही भिंतींवर एक बाग फुललेली आहे. डाळिंबे, कवठी चाफ्यासारखी भरगच्च झाडी, पक्षी आणि मागे निळसर आकाश. कोपऱ्यांशी चित्र थांबत नाही. पण या बागेत कुठे उभे राहावे याची सक्ती नाही. कुठूनही पाहावे, टेकून बसावे, जेवावे. भिंत नाहीशी करण्याची हौस तिथे आहे, पण पाहणाऱ्याला एका बिंदूवर खिळवण्याची गरज चित्रकाराला भासलेली नाही.

ती गरज उत्पन्न झाली पंधराव्या शतकात, फ्लॉरेन्समध्ये रेखीय यथादर्शनाचा शोध लागला तेव्हा. आल्बेर्ती याने १४३५ च्या सुमारास चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात त्याचे नियम लिहून काढले. चित्र म्हणजे एका डोळ्यापासून निघालेल्या किरणांच्या सुळक्याला मध्येच दिलेला छेद, हे त्याचे सार. नियम भूमितीचा असल्यामुळे त्याचे फळही काटेकोर मिळते आणि त्याची अटही काटेकोर पाळावी लागते. डोळा नेमल्या जागी हवा. ही अट किती कडक आहे हे पाहायचे तर रोममधील सांत इग्नात्सिओच्या चर्चमध्ये जावे. आंद्रेआ पोत्सो या जेझुइट चित्रकाराने सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या छतावर आकाशात चढत जाणारे खांब आणि कमानी रंगवल्या. खालच्या फरशीत संगमरवराची एक गोल चकती बसवलेली आहे. तिच्यावर उभे राहून वर पाहिले तर खरी इमारत कुठे संपली आणि रंगवलेली कुठे सुरू झाली हे कळत नाही. चकतीपासून दूर सरकले की सारे खांब कलंडू लागतात. ती चकती हा आपल्या कथेतील पहिला कॅमेरा-बिंदू म्हणता येईल. तो निदान लपवलेला नव्हता. फरशीवर उघड मांडलेला होता.

याच शतकात हॉलंडमध्ये एका चित्रकाराने चर्चच्या छतावरून ही विद्या खाली उतरवून साध्या घरात आणली. साम्युएल फान होख्स्त्रातन हा रेम्ब्रांटचा शिष्य. त्याने १६५५ ते १६६० च्या दरम्यान केलेली एक लाकडी पेटी लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पेटीच्या आतल्या बाजू एका डच घराच्या अंतर्भागाने रंगवलेल्या आहेत. दोन बाजूंना डोळा लावण्याइतकी दोन भोके आहेत आणि एक बाजू उजेडासाठी मोकळी आहे. भोकातून पाहिले तर खोलीपलीकडे खोली, उघडी दारे, काळ्यापांढऱ्या फरश्या असे अख्खे घर दिसते. मोकळ्या बाजूने पाहिले तर तेच घर विस्कटलेले असते, कारण काही वस्तू अर्ध्या भिंतीवर आणि अर्ध्या तळावर ताणून काढल्या आहेत. सॉफ्टवेअरने दिलेल्या चित्रातील वाकलेली छते आणि ताणलेली फरशी पाहून जो गोंधळतो, त्याने ही पेटी आठवावी. विकृती हा इथे दोष नव्हे. डोळा योग्य जागी आला की सरळ दिसावे यासाठी आधीच करून ठेवलेली ती तजवीज आहे.

चित्रकार खोलीला बाहेरून पेटीत भरत होते, त्यानंतर शतकभराने इंग्लंडमधील वास्तुकारांनी तिला कागदावर उलगडायला घेतले. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे एक आरेखनपद्धती रूढ झाली. मध्यभागी खोलीचा नकाशा काढायचा आणि त्याच्या चार कडांना चार भिंती बाहेरच्या अंगाला पाडून आडव्या मांडायच्या, जसा मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका चिकटवण्यापूर्वी सपाट पडलेला असतो. रॉबिन इव्हान्स या वास्तुकलेच्या इतिहासकाराने १९८९ मध्ये या पद्धतीवर एक मार्मिक निबंध लिहिला. त्याचे निरीक्षण असे, की या रेखाटनात भिंतींवर सर्व काही दाखवता येते, पण खोलीच्या मध्यात काहीच दाखवता येत नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे खुर्च्या-टेबले भिंतींना लावूनच ठेवली जात, म्हणून हे खपून गेले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फर्निचर भिंती सोडून खोलीभर पसरले, लोक घोळक्या-घोळक्याने बसू लागले, आणि ही पद्धत मागे पडली. रेखाटनाची रीत आणि राहण्याची रीत यांचा संबंध किती घट्ट असतो याचे हे उत्तम उदाहरण होय. आजच्या संगणकांतही खोलीचे गोल चित्र पुष्कळदा सहा चौकोनांत साठवले जाते: चार भिंतींकडचे चार, छताचा एक, जमिनीचा एक. प्रत्येक चौकोन ९० अंशांचा. संगणकशास्त्रात नेड ग्रीन यांनी १९८६ मध्ये या घनाकृती मांडणीचा पुरस्कार केला. उलगडलेला खोका असा परत आला, फक्त आता त्याच्या मध्यात डोळा बसवलेला होता.

त्या डोळ्यासाठी स्वतंत्र इमारत उभारण्याची कल्पना मात्र रॉबर्ट बार्कर याची. मूळचा आयर्लंडचा आणि एडिंबरोत स्थायिक झालेला हा चित्रकार १७८७ मध्ये एका शोधाचे पेटंट मिळवता झाला. 'पॅनोरामा' हा ग्रीक धातूंपासून घडवलेला शब्द पुढे चार-पाच वर्षांनी आला. या पेटंटातील तपशील मोठे उद्बोधक आहेत. चित्र वर्तुळाकार असेल, हे तर झालेच. पण बाकीच्या अटी पाहणाऱ्याविषयी आहेत. त्याला मध्यभागी एका कठड्याच्या आत ठेवावे, म्हणजे तो चित्राच्या फार जवळ जाणार नाही. उजेड फक्त वरून यावा. डोक्यावरचे छत आणि समोरचा आडोसा अशा बेताने रचावा की चित्राची वरची आणि खालची कड दिसू नये. आणि प्रवेश खालून असावा, म्हणजे दारामुळे चित्राचे वर्तुळ तुटणार नाही. पेटंट चित्राचे म्हणून घेतले होते, पण बार्करने त्यात बांधून काढली ती पाहण्याची जागा. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याची वास्तू उघडली आणि १८६३ पर्यंत ती चालली.

पॅनोरामा पाहणाऱ्याचा विश्वास किती सहज संपादन करतो, याचा पुरावा लवकरच मिळाला आणि तो आपल्या देशाशी संबंधित आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट केर पोर्टर या बाविशी-तेविशीतील चित्रकाराने त्या हल्ल्याचे सुमारे १२० फूट लांबीचे भव्य चित्र प्रदर्शित केले. ते पूर्ण वर्तुळाचे नव्हते, तरी प्रेक्षकाला लढाईत ओढून घेण्याइतके मोठे होते. लोकांनी गर्दी केली. पोर्टरने श्रीरंगपट्टण पाहिलेले नव्हते. मिळालेल्या वर्णनांवरून आणि रेखाटनांवरून त्याने किल्ला, खिंडार आणि माणसे उभी केली होती. समोर एखादे चौकटीतले चित्र असते तेव्हा 'हे कुणीतरी काढले आहे' याची जाणीव चौकट करून देत असते. चौकटच नाहीशी झाली की हा प्रश्न विचारण्याचे ठिकाणही नाहीसे होते.

एकोणिसाव्या शतकात ही चित्रे पुन्हा घरातही शिरली. आल्सासमधील रिक्सहाइम येथील झ्यूबेर यांच्या कारखान्याने १८०७ मध्ये 'हिंदुस्तान' या नावाचा भिंतीचा कागद ठशांनी छापून काढला. थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांच्या भारतातील चित्रांचा त्याला आधार होता. युरोपातील गृहस्थाने तो दिवाणखान्याच्या चारी भिंतींना लावावा आणि घाट, देवळे, हत्ती यांच्या सान्निध्यात पाहुण्यांना जेवू घालावे, अशी ही योजना. याच कारखान्याचा १८३४ चा उत्तर अमेरिकेच्या दृश्यांचा कागद १९६१ मध्ये व्हाइट हाउसच्या एका स्वागतकक्षात लावण्यात आला. प्रिमा पोर्ताच्या बागेप्रमाणे हे कागदही कुठूनही पाहता येत आणि दारे-खिडक्या त्यांना बिनदिक्कत छेदत. तात्पर्य, खोली आणि सर्वदूर चित्र यांचा संसार डोळा खिळवल्याशिवायही होऊ शकतो. फक्त त्यात भ्रम पुरता होत नाही, आणि बाजाराला पुरता भ्रम हवा असतो.

वर्तुळाकार चित्र आखण्याची कृती समजून घ्यायची तर हेगमधील मेस्दाख पॅनोरामाकडे वळावे. हेंद्रिक विलेम मेस्दाख याने १८८१ मध्ये पूर्ण केलेले हे चित्र १४ मीटर उंच आणि सुमारे १२० मीटर घेराचे असून आजही आपल्या मूळ इमारतीत आहे. स्खेवेनिंगन गावच्या वाळूच्या टेकडीवर काचेचे एक नळकांडे उभे करून, त्याच्या आत राहून, सभोवतालचा देखावा त्याने काचेवर गिरवून घेतला होता. काच म्हणजे आल्बेर्तीचा छेदच, पण गोल वाकवलेला. त्या नळकांड्याला माथा आणि बूड नाही. सरळ वर आणि सरळ खाली पाहायचे तर नळकांडे सोडून गोल घ्यावा लागतो, आणि गोल सपाट कागदावर कसा पसरायचा हा प्रश्न चित्रकारांच्या कितीतरी आधी भूगोलवेत्त्यांना पडलेला होता. अक्षांश-रेखांशांचे समान अंतराचे चौकोनी जाळे करून पृथ्वी सपाट मांडण्याची रीत टॉलेमीने टायरच्या मारिनसच्या नावावर सांगितली आहे. मारिनसचा काळ इसवी सन १०० च्या आसपासचा. आज अंतर्गत सजावटीचे सॉफ्टवेअर खोलीचे जे गोल चित्र देते ते नेमके याच प्रक्षेपणात. आडवे ३६० अंश, उभे १८० अंश, म्हणून रुंदी उंचीच्या दुप्पट. नकाशात उत्तर ध्रुवाचा एक बिंदू जसा वरची अख्खी कड व्यापतो, तसा इथे डोक्यावरच्या छताचा एक बिंदू चित्राची वरची कड व्यापतो. आपण ज्याला खोलीचे छायाचित्र समजतो तो खरे तर दिशांचा नकाशा आहे.

आता संगणकाकडे येऊ. आभासी वास्तवाच्या इतिहासात आयव्हन सदरलंड यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १९६५ च्या एका टिपणात त्यांनी अंतिम पडदा म्हणजे एक खोलीच असेल, अशी कल्पना मांडली. १९६८ मध्ये त्यांनी डोक्यावर बसवण्याचे, छताला यांत्रिक दांड्याने टांगलेले यंत्र सादर केले. त्यातून जी आभासी दृश्ये दाखवली त्यांत एक खोली होती. नुसत्या रेघांची, भिंतींवर दिशांची आद्याक्षरे लिहिलेली, वर छताचे आणि खाली जमिनीचे अक्षर असलेली. म्हणजे या नव्या माध्यमाने आपल्या आरंभकाळातच घडवली ती एक रिकामी खोली. एक फरक इथे ध्यानात घेण्याजोगा आहे. सदरलंड यांच्या यंत्रात पाहणारा थोडे चालू शकत होता आणि चित्र त्याप्रमाणे बदलत होते. पुढे चष्मे स्वस्त झाले तेव्हा लोकांच्या हाती प्रथम आले ते मात्र एका जागी उभे करणारे गोल चित्र.

रेघांच्या खोलीत उजेड यायला आणखी सोळा वर्षे लागली. १९८४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एका पृष्ठावरून दुसऱ्यावर उसळणाऱ्या प्रकाशाचे गणित मांडले. त्यासाठी त्यांनी योजलेली आकृती 'कॉर्नेलची पेटी' म्हणून विख्यात झाली. बाजूच्या भिंती निरनिराळ्या रंगांच्या, बाकी सारे पांढरे. रंगीत भिंतीची झाक पांढऱ्या जमिनीवर उतरते की नाही, ही तिची परीक्षा. होख्स्त्रातनच्या पेटीचे हे वंशज म्हणावे. पण या संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली, जी त्याआधी कोणी केली नव्हती. त्यांनी तशीच खरी पेटी बनवली, आणि १९८६ च्या एका प्रयोगात खरी पेटी आणि संगणकाचे चित्र शेजारी शेजारी ठेवून माणसांना विचारले, की यातले खरे कोणते? उत्तरे जवळजवळ अंदाजपंचेच आली. चित्र खरे ठरले ते त्याच्यासमोर खरी वस्तू उभी होती म्हणून. याच वर्षी जेम्स कजिया यांनी प्रकाशाचे सर्वसाधारण समीकरण मांडले, आणि आजची रेंडरिंगची सॉफ्टवेअरे त्याच समीकरणाची कमी-अधिक उत्तरे काढत असतात.

गोल चित्र घरोघरच्या संगणकावर आले १९९५ च्या सुमारास, ॲपलच्या क्विकटाइम व्हीआरमुळे. त्यात एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उडी मारता येई. मधली वाट नसे. १९९८ मध्ये जर्मनीतील हेल्मुट डेर्श यांनी पॅनोरामा जोडण्याची साधने मोफत उपलब्ध केली, २००७ मध्ये गूगलने रस्तेच्या रस्ते गोल चित्रांत आणायला आरंभ केला, आणि २०१४ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन भिंगे बसवून फोनचाच चष्मा करण्याची युक्ती आली. दरम्यान घराची मांडणी करण्याची सॉफ्टवेअरेही वास्तुकारांच्या कचेरीतून बाहेर पडली. फ्रान्समधील एमान्युएल प्यूबारे यांचे 'स्वीट होम थ्रीडी' २००६ पासून मोफत मिळू लागले. पोत्सोला जे साधायला वर्षे लागली ते आता एका संध्याकाळी साधते.

छायाचित्रकाराला मात्र ते इतके सुखाने साधत नाही. त्याला कॅमेरा नेमक्या एका बिंदूभोवती फिरवावा लागतो, नाहीतर जवळची वस्तू आणि मागची भिंत यांचे सांधे जुळत नाहीत. तळाशी तिपाई दिसते, ती पुसावी लागते. सॉफ्टवेअरमधल्या कॅमेऱ्याला देह नाही. त्याला तिपाई नाही, सावली नाही, दोन चित्रांचा सांधाही नाही. फक्त तीन आकडे आहेत: डावी-उजवीकडे किती, पुढे-मागे किती, आणि जमिनीपासून किती उंच. या तिसऱ्या आकड्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, आणि सारी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

गोल चित्र हा दिशांचा नकाशा आहे असे वर म्हटले. त्यात अंतरे नाहीत. दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दाखवले असेल तर एक मोठी खोली आणि तिची हुबेहूब लहान प्रतिकृती यांत फरक करण्याचे कोणतेही साधन त्या चित्रात नसते. बाहुलीच्या घरात मुंगीच्या उंचीवर आणि राहत्या घरात माणसाच्या उंचीवर कॅमेरा ठेवला, प्रमाणे सारखी असली, तर दोन्ही चित्रे तंतोतंत एक येतील. मग पाहणारा माप कशावरून काढतो? बहुतांशी स्वतःच्या उंचीवरून. जमीन आपल्या डोळ्यांपासून पाच फूट खाली आहे हे शरीराने गृहीत धरलेले असते. आता चित्र काढताना कॅमेरा चार फुटांवर ठेवला होता असे समजा. पाहणाऱ्याने त्या चार फुटांना आपले पाच मानले की सारी खोली सव्वापट होते. दहा बाय दहाची खोली साडेबारा बाय साडेबाराची भासते, आणि १०० चौरस फुटांचे १५६ होतात. एकही भिंत खोटी काढलेली नसते. दाराची उंची, खुर्चीची बैठक अशा ओळखीच्या मापांवरून डोळा सावध होऊ शकतो. पण त्या वस्तूही सॉफ्टवेअरच्या संग्रहातून आलेल्या असतात आणि त्यांची लांबी-रुंदी दोन आकडे बदलून कमी करता येते. साडेपाच फुटांचा पलंग चित्रात सहाच्या पलंगासारखाच दिसतो आणि त्याच्या बाजूने ऐसपैस जागा उरते.

याखेरीज जागेच्या निवडीचा प्रश्न आहेच. कॅमेरा जिथे ठेवायचा तिथे काही असून चालत नाही, कारण जवळची वस्तू सारे दृश्य व्यापते. म्हणून खोलीचा मध्य मोकळा ठेवला जातो आणि फर्निचर भिंतींकडे सरते. इव्हान्स यांनी दाखवलेली अठराव्या शतकातील खोली अशी मागल्या दाराने परत येते. खिडकीबाहेर आकाश असते, शेजारच्या इमारतीची भिंत नसते. सूर्य कुठे असावा हेही एका आकड्याने ठरते. आपल्याकडच्या जुन्या घरांत माजघर अंधारेच असायचे आणि त्याचे आपले काही प्रयोजन होते. या चित्रांत अंधारी खोली म्हणजे चुकलेले चित्र.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहिलेला नाही. मुंबई-पुण्यात बांधकाम पुरे होण्यापूर्वी सदनिका विकत घेणे ही जुनी रीत आहे, आणि माहितीपत्रकातील रंगीत चित्राची जागा आता या फिरत्या खोलीने घेतली आहे. स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णतः लागू झाला. त्याने चटई क्षेत्राची व्याख्या करून दिली: बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून, आतल्या भिंतींसह, प्रत्यक्ष वापरता येण्याजोगे क्षेत्र. त्याच कायद्याच्या १२ व्या कलमानुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील चुकीच्या विधानावर विसंबून ग्राहकाचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते, आणि त्याला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह पूर्ण रक्कम परत करावी लागते. कायद्याने जाहिरातीची व्याख्याही ऐसपैस ठेवलेली आहे. पण विधान चुकीचे आहे हे दाखवायला आधी विधान असावे लागते. चार फुटांवर ठेवलेला डोळा हे विधान आहे काय? भिंती नकाशाबरहुकूम आहेत, आकडे जुळतात, फक्त पाहणारा फसला आहे.

यावर उपाय अवघड नाही, आणि तो पोत्सोने सांगूनच ठेवला आहे. चकती उघड मांडावी. प्रत्येक गोल चित्रासोबत कॅमेऱ्याची उंची, नकाशावरील त्याची जागा, फर्निचरची मापे आणि सूर्याचा दिवस व वेळ एवढे चार तपशील छापले तरी चित्राचे निम्मे खोटेपण गळून पडेल. सॉफ्टवेअरपाशी हे आकडे असतातच. ते दडवायलाही काही करावे लागत नाही आणि दाखवायलाही. स्वतःच्या घराची आखणी स्वतः करणाऱ्याला तर हे साधन वरदानच आहे. त्याने डोळ्याची उंची आपल्या डोळ्याइतकी ठेवावी, मग घरातल्या मुलाच्या डोळ्याइतकी, मग चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या आजीच्या डोळ्याइतकी. ओटा, खिडकी, विजेची बटणे तीन वेगवेगळ्या खोल्यांतली असावीत इतकी निराळी दिसतात. जो डोळा बाजारात फसवू शकतो तोच घरात दुसऱ्याच्या जागी उभे राहायला शिकवतो. फरक इतकाच की तिथे जागा पाहणाऱ्याने निवडलेली असते.

शेवटी एका आरशाचा उल्लेख करावासा वाटतो. यान फान आइक याच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागच्या भिंतीवर एक फुगीर आरसा आहे. त्या एवढ्याशा वर्तुळात अख्खी खोली मावली आहे. खिडकी, छत, दांपत्याच्या पाठी, आणि दारात उभी असलेली दोन माणसे. आरशाच्या वर चित्रकाराने आपण इथे हजर होतो अशी नोंद साल घालून केली आहे. गोल आरशात सामावलेली खोली संगणकाच्याही कामी आली. १९७६ मध्ये ब्लिन आणि न्यूवेल यांनी वस्तूच्या चकाकीत भोवतालचे दृश्य उमटवण्याची पद्धत मांडली ती याच जातीची. पण सजावटीच्या सॉफ्टवेअरमधल्या खोलीत आरसा टांगला आणि गोल चित्र काढले, तर त्या आरशात समोरचा सोफा येतो, पडदे येतात, खिडकीतला प्रकाशही येतो. पाहणाऱ्याच्या जागी मात्र कोणी नसते. घर विकत घेण्यापूर्वी अशा चित्रात एखादा आरसा सापडला, तर त्याच्यासमोर क्षणभर थांबावे. तो निदान एवढे तरी प्रामाणिकपणे सांगतो, की या खोलीत अजून कोणीही उभे राहिलेले नाही.